कडा उजव्या हाताला: नाणेघाट ते भीमाशंकर, टप्प्याटप्प्याने

नाणेघाट ते भीमाशंकर हा घाटमाथा एका दमात चालणारे पुष्कळ आहेत. सलग सुट्टी आणि तेवढं ओझं वाहायची तयारी असेल तर तसं जरूर करा. पण नोकरी-संसार सांभाळून शनिवार-रविवारी डोंगर गाठणाऱ्यांनी ही वाट तुकड्यांत, दोन-तीन हिवाळ्यांत करावी, असं मी आग्रहाने सांगेन. घाईत जीवधन आणि भीमाशंकर तेवढे लक्षात राहतात. ढाकोबा, दुर्ग, आहुपे हा मधला मुलूख नुसता पायाखालून जातो. खरं तर या वाटेचा ऐवज तोच आहे.

तुकडे पाडायचे ते किल्ल्यांवर नाही, घाटांवर. नाणेघाट वैशाखऱ्याकडे उतरतो, आंबोलीजवळचा दाऱ्या घाट पळूला, आहुपे घाट खोपिवलीला आणि भीमाशंकरचा गणपती घाट खांडसला. ज्या घाटाने उतराल, त्याच घाटाने पुढच्या खेपेला चढायचं, म्हणजे रांग कुठे तुटत नाही. कोकणच्या बाजूने येणाऱ्यांना हे सोयीचं. पुणेकरांनी जुन्नरहून घाटघर-आंबोली आणि घोडेगावहून डिंभेमार्गे आहुपे गाठावं. आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आगारात विचारूनच निघा.

पहिला तुकडा नाणेघाट ते दाऱ्या घाट. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख भिंतभर कोरलेला आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण. इथे तासभर तरी काढा. जीवधन किल्ल्यावर जाताना मोठी सॅक घाटघरला ओळखीच्या घरी ठेवावी. १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून गडाच्या पायऱ्या उडवल्या, त्यामुळे वरच्या टप्प्यात कातळाला हात लावूनच चढावं लागतं. पाठीवर ओझं असलं की तोल जातो. शेजारच्या वानरलिंगी सुळक्याच्या आसपास आग्या माश्यांची पोळी असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही नको.

पुढच्या रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाइलवरची रेघही फसवते. तिथे माझा भरवसा पाण्यावर. दक्षिणेला चालताना कडा उजवीकडे राहतो आणि डावीकडचं पाणी देशावर जातं: आधी कुकडी, मग मीना, आहुप्याच्या अंगाला घोड आणि शेवटी भीमा. एकामागून एक चार नद्यांची उगमस्थानं ओलांडत जाणारी अशी दुसरी सुंदर वाट मला माहीत नाही. चुकलात आणि समोरचा ओहळ उजवीकडे वाहताना दिसला, तर त्याच्या काठाने खाली मुळीच उतरू नका. तो पुढे कड्यावरून थेट कोकणात कोसळतो. मागे फिरा आणि माथ्यावर या. त्याहून बरं म्हणजे गावातला वाटाड्या घ्यावा, त्याची मजुरी निघण्याआधी ठरवावी आणि घासाघीस करू नये.

दाऱ्या घाट ते आहुपे हा टप्पा मुक्कामाचाच. ढाकोबा या रांगेतला उंच माथा, दुर्गवर दुर्गादेवीचं ठाणं. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची; आदल्या दिवशी कळवलं तर भाकरी-पिठलं मिळतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगणांत बाळहिरडा वाळत घातलेला असतो, काळा, सुरकुतलेला. वर्षाची रोकड त्यावर अवलंबून असते, म्हणून त्यावर पाय किंवा सॅक पडू देऊ नका. पण चालायला नोव्हेंबर ते जानेवारीच उत्तम. पुढे टाकी-झरे आटतात. पावसाळ्यात धुक्यात कड्याची धार दिसत नाही, तेव्हा अनोळख्याने या वाटेला जाऊच नये.

आहुप्याला संध्याकाळी कड्यावर बसा. खाली गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. देवराईत काडीही तोडू नका.

शेवटचा तुकडा कोंढवळमार्गे भीमाशंकर. १९८५ मध्ये जाहीर झालेलं इथलं अभयारण्य शेकरूसाठी आहे, म्हणून तंबू आणि चूल इथे नको. वन खात्याच्या नाक्यावर विचारूनच आत जा. श्रावण आणि महाशिवरात्रीची गर्दी टाळा. खांडसला उतरताना सॅक जड असेल तर शिडी घाटाचा मोह न धरता गणपती घाटच धरा. तो लांबचा आहे, म्हणून दुपारी दोनच्या आत माथा सोडलेला बरा.