भाकर द्यावी, आणि भाकर घ्यावीही

शास्त्रपाठ : उत्पत्ति १८, योहान १५:१२-१५, गलतीकरांस पत्र २:११-१४, लूक १९:१-१०



पाहुणचाराविषयी पाठ द्यावयाचा म्हटले म्हणजे बहुतेक उपदेशक मार्था व मरिया यांच्या घरी जातात, आणि वर्गातील स्त्रिया खाली मान घालून बसतात. कारण मार्थेला जो बोल लागला तो आपल्यालाच लागला असे त्यांना वाटते. आज आपण त्या घरी न जाता मम्रेच्या झाडांखाली जाऊ.

भर दुपारची वेळ आहे. आपल्या परभणीकडे वैशाखात जी दुपार असते, जिच्यात कुत्रेदेखील ओट्याखालून हलत नाही, तशीच ती असावी. अब्राहाम तंबूच्या दाराशी बसला आहे. त्याचे वय नव्याण्णव वर्षांचे. समोर तीन पुरुष उभे दिसतात. गाव कोणते, कूळ कोणते, हे तो विचारीत नाही. तो धावत जातो. तोंडाने तो भाकरीच्या तुकड्याची गोष्ट करतो, आणि तंबूत जाऊन सांगतो मात्र तीन मापे सपिठाची. वासरू कापले जाते. दही, दूध पुढे येते. आणि पाहुणे जेवीत असता धनी झाडाखाली उभा राहतो. (हे सपीठ मळले कोणी, तर सारेने. अब्राहामाच्या धावपळीचे कौतुक करणाऱ्या पुरुष वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, आणि पाहुणे आले असता निदान पाण्याची घागर तरी स्वतः आणावी.)

येथपर्यंतची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. परंतु आपले वर्ग सामान्यतः सारेच्या हसण्यापाशी थांबतात, आणि अध्यायाचा उरलेला भाग सदोमाच्या न्यायाच्या पाठासाठी राखून ठेवतात. मला वाटते, येथे आपण एक वस्त्र मधोमध फाडतो. जेवण होते, पाहुणे उठतात, अब्राहाम त्यांना वाटेस लावावयास चार पावले जातो. आणि त्या वाटेवर, १७ व्या वचनात, परमेश्वर स्वतःशी विचार करतो की जे मी करणार ते ह्या मनुष्यापासून लपवून ठेवू काय? मग तो ते त्याला सांगतो. ते ऐकून अब्राहामही गप्प राहत नाही. तो पन्नासांपासून दहांपर्यंत घासाघीस करतो, आणि ज्या शहरासाठी ती करतो तेथे त्याचा पुतण्या लोट राहत असला तरी मागणे मात्र तो सगळ्या शहरासाठी मागतो. आदल्या घटकेपर्यंत जो झाडाखाली सेवकासारखा उभा होता, तो आता देवासमोर उभा राहून बोलतो. शास्त्रात अब्राहामाला देवाचा मित्र म्हटलेले तीन ठिकाणी आढळते : २ इतिहास २०:७, यशया ४१:८ व याकोब २:२३. ते सख्य कसे दिसते हे पाहावयाचे असेल तर ह्या वाटेवर पाहावे. प्रभूनेही वल्हांडणाच्या रात्री, जेवण झाल्यावर, शिष्यांना हीच खूण सांगितली : धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते, ज्याला मनातले सांगितले जाते तो मित्र.

तेव्हा देवाशी सख्य वाढणे ही केवळ डोळे मिटून करावयाची गोष्ट नव्हे. अब्राहामाच्या बाबतीत ती एका अनोळखी मनुष्याच्या पायांवर पाणी घालण्यापासून सुरू झाली.

आता आपल्या भाषेतील एका शब्दाकडे पाहू. नव्या करारात जेथे जेथे पाहुणचार करण्याची आज्ञा आहे, तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘परक्यावरील प्रेम’ असा आहे. आपला ‘पाहुणा’ हा शब्द मात्र मोठा लबाड आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही आपण ‘काय पाव्हणं, गाव कोणतं?’ म्हणून हाक मारतो खरे. परंतु घरात ‘आज पाहुणे यावयाचे आहेत’ असे म्हटले की लेकीच्या सासरचे, सुनेच्या माहेरचे, अशीच माणसे डोळ्यांपुढे येतात. पाहुणे म्हणजे सोयरे. आणि सोयरे म्हणजे आपल्याच जातीचे. ह्यामुळे आपण वर्षभर पुष्कळ पाहुणचार करूनही परक्यावरील प्रेमाचा एक दिवसही न पाळता राहू शकतो.

ह्या बाबतीत आपण फार मोठेपणा मिरवू नये. आषाढीपूर्वी शेगावची पालखी परभणी व गंगाखेडच्या वाटेने पंढरपुरास जाते, तेव्हा वाटेवरची गावे ज्यांचे नावही ठाऊक नाही अशा वारकऱ्यांना जेवू घालतात. परभणीस तुराबुल हक्क यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो, तेथे सर्व धर्मांचे लोक येतात. १९७२ च्या दुष्काळात, मिलोच्या तांबड्या भाकरी खाण्याच्या दिवसांतही, दारी आलेल्याला अर्धी भाकर दिल्याच्या गोष्टी वडीलधारी माणसे सांगतात, आणि त्यांत सर्व समाजांची घरे असतात. भाकर देण्याचा गुण आपल्या मुलखाला ख्रिस्ती उपदेशकाने शिकविला असे नाही. आपल्यापुढे जो प्रश्न आहे तो निराळा आहे. भाकर देणे एक. ज्याला आपण खालचा मानतो त्याच्या हातची भाकर घेणे दुसरे. पहिल्यात मोठेपणा शाबूत राहतो. दुसऱ्यात तो राहत नाही.

अंत्युखियात हेच झाले. पेत्र विदेशी बंधूंबरोबर जेवीत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो मागे सरला. त्याने कोणाचा अपमान केला, कोणाला शिवी दिली, असे लिहिलेले नाही. तो नुसता मागे सरला. आणि बर्णबासारखा भला माणूसही त्याच्यामागे ओढला गेला. पौलाने हे चारचौघांत पेत्राच्या तोंडावर सांगितले, कारण त्याच्या मते येथे केवळ शिष्टाचार मोडला नव्हता, सुवार्तेचीच वाट वाकडी झाली होती.

आपल्या मराठी मंडळीतही हा प्रश्न तिच्या बाळपणापासून आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. बापाने न्यायालयात दाद मागितली. मुलगा अजाण ठरला व बापाच्या स्वाधीन झाला. गोष्ट तेथे संपावयाची, पण संपली नाही. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, आणि तेवढ्यावरून त्याला जातीत घ्यावे की न घ्यावे ह्याविषयी मोठा वाद माजला. ‘दर्पण’ पत्राचे पूर्वीचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देववून त्याला परत घेण्याचा पक्ष धरला व त्यापायी सनातनी लोकांचा रोष सोसला. मुलाच्या मनात कोणती श्रद्धा आहे, ह्यापेक्षा त्याने कोणाच्या घरचे अन्न खाल्ले, ह्याचीच चर्चा अधिक झाली.

थोरला भाऊ नारायण पुढे पाळक झाला आणि आपल्या शेजारच्या जालन्यास आला. परभणीप्रमाणे जालनाही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे त्याच्या मंडळीत जे आले त्यांत मांग समाजाचे लोक फार होते. सर सालारजंग दिवाण असता जालन्याजवळ जमीन मिळाली, आणि तेथे बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. १८९१ साली नारायण शेषाद्री वारले. त्यांनी लोकांना शाळा दिल्या, जमीन मिळवून दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्याहून मोठे हे वाटते की ज्या घरात ताटाचा एवढा विचार होता, त्या घरातला हा मनुष्य गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्यात येऊन राहिला.

आता मी माझीच गोष्ट सांगतो. ती मला भूषण नाही. आमचे वाडवडील महार समाजातून मंडळीत आले. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला, बापाचा झाला, माझा झाला. पण मातंग घरी पाणी न पिण्याची रीत तिन्ही पिढ्यांत कोणी बुडविली नाही. ती कोणी शिकविलीही नाही. मूल जशी भाषा उचलते तशी मी ती उचलली. सेमिनरीत सर्वांबरोबर एका पंगतीस बसलो, रोमकरांस पत्रावर चांगले गुण मिळविले, आणि मला वाटले की हे माझ्यातून गेले.

पहिल्या नेमणुकीच्या वर्षी दुधना नदीच्या काठी एका गावी उपासनेस जात असे. तेथे एक मातंग विधवा बाई मंडळीत होती. उपासना झाल्यावर तिने मला जेवावयास बोलाविले. मी म्हणालो, ‘बाई, मी जेवून आलो आहे.’ मी जेवून आलो नव्हतो. गावाबाहेर आल्यावर मोटारसायकल थांबवून मी डब्यातली चपाती खाल्ली. पुढच्या खेपेसही असेच झाले. त्या वेळी उपास आहे म्हणालो. तिसऱ्या खेपेस तिने बोलाविले नाही, आणि मला बरे वाटले, हे मी लपवीत नाही.

श्रावणात पाऊस लागला. उपासना संपते तो पुलावरून पाणी गेले. वीज गेलेली, अंधार पडलेला. मी तिच्या छपराखाली उभा होतो. ती म्हणाली, ‘साहेब, आज कुठं जाता? नदी सोडंना.’ मग थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, ‘भाकर हाय. पण आमच्या घरची हाय.’

बंधूंनो, तिला सारे ठाऊक होते. डबाही ठाऊक असेल. मी बसलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी व ठेचा होता. पहिला घास माझ्या गळ्यात अडकला. तो तिखटाने अडकला असे मी तिला सांगितले, तेही खोटेच. जेवण झाल्यावर प्रार्थना कोणी करावी म्हणून मी तोंड उघडले, तर नेहमीचे शब्द येईनात. तिनेच प्रार्थना केली. ‘देवबापा, साहेबांनी आज भाकर खाल्ली,’ एवढेच तिचे पहिले वाक्य होते. पुढे तिने नदीसाठी, माझ्या घरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठी, आणि गावातील एका आजारी सावकारासाठी मागितले. तो सावकार तिच्या समाजाचा नव्हता, मंडळीचाही नव्हता. अब्राहामाची सदोमासाठी केलेली घासाघीस मी सेमिनरीत शिकलो होतो. ती ऐकली त्या रात्री. देवाला मनातले सांगणारे कोणी त्या छपराखाली असेल तर ती बाई होती, मी नव्हे.

तेव्हापासून जक्कयाची गोष्ट मला निराळी वाटते. प्रभूने जक्कयाला आपल्या घरी बोलाविले नाही. त्याने त्याच्या घरी स्वतःहून उतरावयाचे मागितले; आणि लोकांनी कुरकुर केली ती तो पाप्याला जेवू घालतो म्हणून नव्हे, पाप्याच्या घरी उतरतो म्हणून. शुभवर्तमाने चाळून पाहा : आपला प्रभु यजमान थोडक्या वेळा आहे, पाहुणा फार वेळा आहे. लेवीच्या घरी, शिमोन परूश्याच्या घरी, बेथानीस, कानाच्या लग्नात तो दुसऱ्याचे अन्न खातो. अम्माऊसच्या घरीही तो बोलावलेला पाहुणा म्हणूनच आत गेला.

१९५० पासून अस्पृश्यता राज्यघटनेने बंद आहे. हॉटेलात वेगळा कप ठेवणाऱ्याला कायदा पकडू शकतो. परंतु ‘मी जेवून आलो आहे’ ह्या वाक्याला कोणता कायदा पकडील? ते मंडळीनेच पकडावयाचे आहे, आणि प्रथम उपदेशकाच्या तोंडी.

येथे एक अडचण आहे, तीही सांगितली पाहिजे. उपदेशक येणार म्हणून गरीब घरे उसनवारी करून कोंबडी आणतात, आणि मग आठवडाभर मुले कोरडी भाकर खातात. असा पाहुणचार घेणे पाप नसले तरी तो वाढू देणे बरे नव्हे. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ व थोडे तेल होते. एलीयाने तिच्याकडे त्यातलीच भाकर मागितली. उपदेशकांनी आधीच निरोप धाडावा की घरी रोज जे होते तेच आम्ही खाऊ. आणि मग खरोखर तेच, सगळ्यांच्या बरोबर बसून, खावे. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी परततात, तेव्हा त्यांच्या घरात भांडीही धड लागलेली नसतात. अशा वेळी भेटीस जाणाऱ्याने आपली भाकर बांधून न्यावी, पण ती त्यांच्या भाजीशी मिळवून एकत्र खावी.

ह्या पाठाचा वर्ग घेताना उपदेशकांनी उत्पत्तीचा १८ वा अध्याय एका बैठकीत सगळा वाचावा, मध्ये तोडू नये. मग प्रत्येकाने, मोठ्याने नव्हे तर मनात, गेल्या वर्षभरात आपण कोणाकोणाच्या घरी जेवलो त्यांची नावे आठवावी. आणि मंडळीतील कोणत्या घरी कधीच जेवलो नाही, तेही. पुढच्या महिन्याच्या प्रीतिभोजनाच्या भाकरी त्या घरांपैकी कोणाच्या चुलीवर व्हावयाच्या, हे वर्ग उठण्यापूर्वी ठरवावे. त्या घरच्या बाईस विचारूनच ठरवावे. आणि त्या दिवशी पहिले ताट उपदेशकाने घ्यावे.