पवईपासून जमिनीखाली : दोघांनी करावयाची भटकंती

महाराष्ट्रात बहुतेक प्रत्येक जुन्या किल्ल्याला आणि लेण्याला लोकांच्या बोलण्यात एखादे भुयार चिकटलेले असते आणि ते हमखास कुठल्या तरी दूरच्या राजवाड्यात किंवा थेट समुद्रावर निघते, मात्र त्यातून चालत गेलेला माणूस कधी भेटत नाही. मुंबईत असे ऐकीव भुयार एकदा अंशतः खरे ठरले : 2016 साली मलबार हिलवरील राजभवनाच्या आवारात ब्रिटिशकालीन भूमिगत बंकर, म्हणजे तोफखान्यासाठी बांधलेल्या 13 खोल्यांची जमिनीखालची वास्तू, उघडकीस आली आणि 2019 मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. पवईतून निघणाऱ्या दोघा मित्रांना मात्र इतक्या दूर जाण्याची गरज नाही. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या आसपास, रिक्षाच्या अंतरावर, त्या बंकरपेक्षा हजारो वर्षे नसली तरी निदान तेरा-चौदा शतके जुनी दोन भूमिगत ठिकाणे आहेत, आणि एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत ती दोन्ही सावकाश पाहून होतात.

तत्पूर्वी काय पाहावयाचे नाही हे ठरवून घेतलेले बरे. पवईच्या परिसराचा पाण्याशी संबंध जुना आहे. विहार तलावातून 1860 मध्ये मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले, पुढे 1879 मध्ये तुळशी तलाव झाला आणि 1891 मध्ये पवईचा, ज्याचे पाणी लवकरच पिण्यास अयोग्य ठरले. आजचे पाणी जलबोगद्यांतून, म्हणजे खडकात खोलवर यंत्राने कोरलेल्या आणि दाबाखालील पाण्याने पूर्ण भरून वाहणाऱ्या नळीवजा मार्गांतून येते. गुंदवली ते भांडुप संकुल हा त्यांपैकी एक बोगदा सुमारे 15 किलोमीटर लांबीचा आहे. या बोगद्यांत शिरण्याची वाट नसते आणि शोधूही नये. पर्जन्यजलाचे नाले व मलवाहिन्या यांची झाकणे रस्त्यावरच दिसत असली, तरी तीही निषिद्धच मानावीत, कारण तेथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि त्याचे प्रमाण वाढले की तो ओळखण्याचे एकमेव साधन असलेली वासाची जाणीवच बधिर करतो. अशा ठिकाणी पहिला मित्र कोसळला की दुसरा त्याला काढण्यासाठी उतरतो आणि दोघेही जातात. सोबत असणे ही एरवी सुरक्षिततेची गोष्ट, येथे तिचाच फास होतो. तलावाच्या काठावरील झाकलेल्या मोऱ्यांबाबतही हाच नियम पाळावा. शिवाय पवई तलावात मगरी आहेत.

सकाळी प्रथम महाकाली लेण्यांकडे जावे. अंधेरी पूर्वेला कोंडिविटे या जुन्या गावाच्या टेकडीवर ही 19 बौद्ध लेणी असून त्यांपैकी 15 आग्नेयेकडील रांगेत व 4 वायव्येकडे आहेत. मोठ्या रांगेचे तोंड उगवतीच्या बाजूला असल्याने नऊच्या आत पोहोचल्यास कोवळे ऊन आपणहून आत येते आणि विजेरी वाचते. येथील खोदकाम सुमारे इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने झाले. त्यांपैकी बहुतेक लेणी विहार, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या जागा आहेत आणि त्या भराभर पाहून झाल्या तरी चालते. सगळा वेळ राखून ठेवावा तो नवव्या लेण्यासाठी. हे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेले दालन आहे. परंतु कार्ले किंवा भाजे येथील उंच, कमानदार चैत्यगृहांची सवय झालेल्या डोळ्यांना ते चैत्यगृह वाटतच नाही. पुढे सपाट छताचा साधा मंडप आणि त्याच्या टोकाला, जणू खडकाच्या आत आणखी एक झोपडी उभी करावी तशी, घुमटाकार छताची वर्तुळाकार खोली आहे. खोलीच्या मध्यभागी स्तूप, त्याच्याभोवती जेमतेम एक माणूस फिरेल एवढी प्रदक्षिणेची वाट आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दगडातच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या, अशी ही रचना आहे. कुडाच्या गोल झोपडीचे हे पाषाणरूप भारतात फार थोड्या ठिकाणी उरले असून बिहारमधील बराबर टेकडीवरील मौर्यकालीन गुंफांशी त्याचे नाते अभ्यासक जोडतात.

दोघांनी येण्याचा खरा उपयोग या जाळीपाशी कळतो. खिडकीच्या वर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतील एक लहान लेख आहे. त्यावर समोरून विजेरी मारली तर अक्षरे आणि खडकाचे खळगे एकाच राखाडी रंगात मिसळून जातात. एकाने विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपी धरावी, दुसऱ्याने दोन पावले मागे उभे राहावे आणि मग पहिल्याने हात हळूहळू फिरवत न्यावा. अक्षरांच्या कडांना सावली धरू लागते आणि एका ठराविक कोनावर ओळ सुटी होऊन दिसते. एकट्याला हे जमत नाही, कारण उजेड धरणाऱ्याला लेख दिसत नाही. अक्षरांवर खडू घासणे किंवा पाणी मारणे हा जुना आळशी उपाय आहे आणि त्याने लेख झिजतात. या लेखात गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहाराचे दान दिल्याची नोंद आहे. दाता ब्राह्मण आणि दान बौद्ध संघाला, हे त्या काळच्या धार्मिक व्यवहाराविषयी पुष्कळ सांगणारे आहे.

तेथून साधारण अकराच्या सुमारास जोगेश्वरी पूर्वेकडे निघावे. जोगेश्वरीचे लेणे हा या भटकंतीतील सर्वांत भूमिगत भाग होय, कारण ते डोंगराच्या कड्यात आडवे कोरलेले नसून भोवतालच्या जमिनीच्या पातळीखाली आहे. वर वस्ती आहे, घरे आहेत. पाहणारा पायऱ्या उतरून खडकातील अरुंद वाटेने आत जातो आणि शहराचा आवाज दहा-पंधरा पावलांत विरतो. लेण्याला पूर्व आणि पश्चिम अशी दोन्हीकडे तोंडे असल्यामुळे, दोन टोके असलेला जमिनीखालचा मार्ग ही भुयाराची व्याख्या घेतली तर मुंबईत तिच्या सर्वांत जवळ जाणारी प्राचीन वास्तू हीच. सहाव्या शतकातील हे शैव लेणे पाशुपत पंथाशी, म्हणजे लकुलीश या आचार्याला शिवाचा अवतार मानणाऱ्या संप्रदायाशी जोडले जाते आणि वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या संशोधकांनी ते घारापुरीच्या आधीचे मानले आहे. भर दुपारी येण्याचे कारण एवढेच, की मुख्य मंडपाच्या बाहेरील उघडी अंगणे खोल विहिरीसारखी असल्याने सूर्य डोक्यावर असतानाच त्यांच्या तळाशी उजेड पोहोचतो.

मंडपातील 20 खांबांच्या चौकात चार दारांचे गर्भगृह असून तेथे आजही जोगेश्वरी देवीची पूजा चालते. त्यामुळे चपला काढाव्या लागतात आणि जमीन वर्षातील बराच काळ ओली असते, म्हणून बंद बुटांऐवजी सहज निघणारी पादत्राणे आणि पाय पुसण्यास पंचा सोबत असावा. दारांवरील शिल्पे ओळखण्यास वेळ लागतो. येथील खडक ब्रेसिया, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत दगडांचे तुकडे घट्ट बसून झालेला मिश्र खडक आहे. तो ओलाव्याने पापुद्रे सोडतो आणि शिवपार्वतीचा विवाह किंवा कैलास हलवणारा रावण यांच्या मूर्तींचे आता घडणीपेक्षा आकारच उरले आहेत. तिरप्या उजेडाची युक्ती येथे पुन्हा कामाला येते. दक्षिणेकडील लांब ओसरीत, दहा खांबांच्या रांगेत, थोडा वेळ बसून घ्यावे. पावसाळ्यात लेण्यात पाणी साचते आणि वटवाघळांच्या विष्ठेने फरशी निसरडी होते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

ही दोन्ही स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तिपाई लावून छायाचित्रण करावयाचे असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते, आणि कायद्याने स्मारकाभोवतीचा 100 मीटरचा पट्टा बांधकामासाठी प्रतिबंधित आहे, ही गोष्ट जोगेश्वरीच्या माथ्यावरील दाटीवाटीची घरे पाहताना आठवल्यावाचून राहत नाही. मात्र त्या घरांतील माणसे पर्यटकांच्या आधीपासून तेथे राहतात. त्यांच्या दारातून जाताना आवाज कमी ठेवावा.

ज्यांचे कुतूहल लेण्यांपेक्षा पाण्याविषयी अधिक आहे त्यांनी कान्हेरीच्या लेण्यांसाठी वेगळा दिवस काढावा. सोमवारी ती लेणी बंद असतात. तेथे शंभराहून अधिक लेण्यांच्या दारांपाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, ज्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, आणि उतारावर बोटभर-वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत, ज्या वरचे पाणी त्या टाक्यांकडे वळवतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेल्यास पन्हळी ओल्या आणि पोढ्या काठोकाठ असतात. एकाने वरच्या पन्हळीत वाळलेले पान सोडावे आणि दुसऱ्याने खाली टाक्याशी थांबावे. पान कोणत्या वळणाने येते ते पाहिल्यावर कान्हेरीचा अर्धा नकाशा समजतो.