डावा हात स्कूटरचा

सातारा

चि. मंजूस,


तू गिअरची मोटरसायकल घेतलीस हे ताईकडून कळलं, आणि पहिल्याच दिवसानंतर ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे हे तुझ्या फोनवरून. ताईचं म्हणणं, या वयात हे कशाला. तुझ्या ऑफिसातल्या मंडळींचं म्हणणं, पहिल्याच रविवारी लोणावळ्याला चल, भीती आपोआप मोडेल. दोन्ही सल्ले बाजूला ठेव. फोनवर एवढं सगळं सांगून झालं नसतं, म्हणून लिहितोय. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे थोडं मास्तरी होईल. चालवून घे.

तू म्हणालीस, "मामा, कॉलेजात एवढी चालवत होते, आता हँडल धरलं की हात कापतात. ही भीती घालवू कशी?" ती घालवायच्या मागे लागू नकोस. तुझी भीती खरी आहे, फक्त तिचं कारण तू चुकीचं धरलंयस. तुला वाटतं, आपण विसरलो. तू विसरलेली नाहीस, मधल्या वर्षांत तू दुसरंच काहीतरी पक्कं शिकलीस.

कॉलेज सुटल्यापासून तू बिनगिअरची स्कूटर चालवतेस. स्कूटरच्या डाव्या मुठीला ब्रेक असतो, मोटरसायकलच्या डाव्या मुठीला क्लच. ऑफिसला जाता-येता कुत्रं आडवं आलं, रिक्षा मध्येच थांबली, की तुझी डावी मूठ आवळली जायची आणि गाडी थांबायची. ते आता बोटांत मुरलंय. तीच बोटं मोटरसायकलवर दचकून आवळली की क्लच दाबला जाणार, इंजिन आणि चाक यांचा संबंध सुटणार आणि गाडी थांबायची सोडून मोकळी पळत राहणार. उजवा पाय तर स्कूटरवर इतकी वर्षं नुसता बसून होता. ब्रेक मारायचं काम आपलं आहे, हे त्याला उमजायला वेळ लागेल. सोसायटीच्या फाटकाशी पोरगं धावत आलं तेव्हा "काय झालं कळलंच नाही, गाडी थांबेचना" असं तू सांगितलंस ना, ते हेच. तुझं धैर्य कमी पडलं नाही, डावा हात स्कूटरचा निघाला.

त्यात आणखी एक भर आहे. कॉलेजात तू चालवलीस ती दाजींची स्प्लेंडर. तिचे चारही गिअर चवड्यानं खाली दाबून पडतात आणि टाचेनं उतरतात. तुझ्या या दीडशे सीसीच्या गाडीला पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. जुन्या आठवणीनं गिअर वाढवायला खाली दाबलंस तर उलट खालचा गिअर पडेल आणि गाडी मागून कुणी ओढल्यासारखी गचका देईल. म्हणजे हात स्कूटरचा आणि पाय स्प्लेंडरचा. अशा माणसानं थेट लोणावळ्याला जाऊ नये.

हे मी मनचं सांगत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशे मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि १९८१ साली अहवाल दिला. अहवाल जुना आहे, रस्ते त्यांचे आहेत, तरी त्यातली एक गोष्ट मी दर वर्षी पोरांना सांगायचो. अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना *ती* गाडी चालवायला लागून पाच महिनेही झाले नव्हते, आणि रस्त्यावरचा त्यांचा एकूण अनुभव मात्र तीन वर्षांच्या आसपास होता. म्हणजे ही माणसं नवशिकी नव्हती, त्यांच्या हाताखालची गाडी नवी होती. आणि अपघातात सापडलेल्या सगळ्यांतले ९२ टक्के स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आपल्याकडे असा हिशेब कुणी मांडला तर आकडा याहून खाली येईल असं मला वाटत नाही. आपण सगळे काकांच्या गाडीवर, मैदानात, "सोड क्लच, सोड!" ऐकतच शिकलेलो.

आता काय करायचं ते सांगतो. तुमच्याकडे भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी आतले रस्ते मोकळे मिळतात. जावईबापूंना गाडी तिथवर न्यायला सांग, पण मग त्यांना चहाच्या टपरीवर बसव. नवरा मागं बसून शिकवायला लागला की शिकणं कमी आणि भांडण जास्त होतं. मागं कुणीच बसवायचं नाही, महिना-दोन महिने तर नाहीच. मागच्या माणसानं ब्रेकचं अंतर बदलतं, वळताना तोल बदलतो, आणि त्याला तोंडही बंद ठेवता येत नाही.

पहिल्या दिवशी गाडी पळवायचीच नाही. इंजिन चालू, पहिला गिअर, रेस अजिबात न देता क्लच इतका हळू सोड की गाडी आपणहून पुढं सरकायला लागेल. ती जागा, जिथं क्लच धड दाबलेलाही नाही आणि सुटलेलाही नाही, त्याला आपण हाफ क्लच म्हणतो. मोटरसायकलचं निम्मं कसब तिथं आहे. दहा पावलं सरकायचं, क्लच दाबायचा, उजव्या पायानं थांबायचं, डावा पाय टेकायचा. पुन्हा तेच. कंटाळा येईस्तोवर कर. या कवायतीत डाव्या हाताला पटतं की आपलं काम आता गाडी सोडण्याचं आहे, थांबवण्याचं नाही. गाडी बंद पडेल. पडू दे, सेल्फ आहे, पुन्हा चालू कर. गाडी बंद पडली म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही. लोक हॉर्न वाजवतात, आणि पुण्यात तर ते तसेही वाजवतातच.

मग गाडीनं मोठा आठचा आकडा काढ. पाय पेगवर ठेवून, हाफ क्लचवर, मागचा ब्रेक किंचित लावून ठेवत. पहिल्यांदा तुझे पाय आपसूक खाली लोंबतील. नवख्या माणसाला वाटतं, पाय रस्त्याजवळ ठेवले की सुरक्षित. पण लोंबत्या पायांनी तोलही सांभाळता येत नाही आणि ब्रेकही लागत नाही. नजर हँडलवर किंवा पुढच्या चाकावर ठेवू नकोस, जिथं जायचं तिथं ठेव. घाबरलेला माणूस खड्ड्याकडे टक लावून बघतो आणि बरोब्बर खड्ड्यात जातो. 

हात ताठ असतील तर काहीच जमणार नाही. वेग धरल्यावर मोटरसायकल हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते, आणि तिला कलवायचं तर डावीकडे जाताना डाव्या मुठीला हलकंसं पुढं ढकलावं लागतं, म्हणजे क्षणभर हँडल उलट्या बाजूला जातं. हे बहुतेकांना चालवताना येतं, पण सांगितलं तर पटत नाही. विमानवाला विल्बर राइट मुळात सायकली बनवणारा, त्याच्याही हे ध्यानात आलं होतं आणि सायकलवाले स्वतः काय करतात हे त्यांना ठाऊक नसतं याची त्याला गंमत वाटायची. तू कोपर सैल ठेवलंस की हे होतं. मुठी गच्च आवळल्यास की गाडी वळणार नाही, आणि तुला वाटेल गाडीच खराब आहे.

ब्रेकबद्दल आपल्याकडे एक वेडगळ शिकवण आहे: पुढचा ब्रेक दाबू नकोस, पलटी खाशील. यानं अनेकांची हाडं मोडली आहेत. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकची. नुसता मागचा मारलास तर चाक घसरतं आणि गाडी लांबवर जाते. गाडी सरळ असताना दोन्ही लाव, पुढचा दोन बोटांनी हळूहळू वाढवत न्यायचा, हिसका द्यायचा नाही. वळणात कललेली असताना किंवा खाली वाळू, बारीक खडी असताना पुढच्याशी जपून. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तुझी गाडी त्यानंतरची आहे. पण तुझ्या गाडीचं एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक लॉक व्हायचं ते होणारच, म्हणून पायानं हळू.

हे ताशी वीसवर कर, मग तीसवर, मग चाळीसवर. रस्त्यावर खडूनं रेघ मार आणि रेघेपासून किती लांब थांबलीस ते पावलांनी मोज. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, आणि समोरचं दिसून हात-पाय हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एक बस मागं पडते. त्यानंतर वेग दुप्पट तर ब्रेकचं अंतर चौपट. हे आकडे वहीत वाचून कुणाला काही होत नाही. रेघेच्या पलीकडे स्वतः जाऊन उभं राहिलं की कळतं.

रस्त्यावर यायची वेळ झाली की सकाळी सहाला निघ आणि रोज तोच रस्ता धर. "कडेकडेनं जा" असं ताई सांगेल. ऐकू नकोस. कडेला माती, खडी, गटाराची झाकणं, उघडणारी मोटारींची दारं आणि प्रवासी उतरवणाऱ्या रिक्षा असतात. आपल्या लेनमध्ये मोटारीचं डावं चाक जिथून जातं तिथून चाल. तिथं रस्ता झाडल्यासारखा स्वच्छ असतो आणि मागच्याला तू दिसतेस. बसच्या डाव्या अंगाला घुसू नकोस. माझा एक स्नेही एसटीत ड्रायव्हर होता, तो सांगायचा, दाराच्या मागं आलेली दुचाकी त्याला आरशात दिसायचीच नाही, ती आवाजानं कळायची. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल त्या दिवशी स्कूटरही काढू नकोस. वर्षभराचं तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येतं आणि डांबर साबणासारखं होतं.

हेल्मेटवर मी जास्त शाई घालवणार नाही. तुमचं शहर २०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढणारं, त्यामुळे तिथल्या हवेचा परिणाम व्हायची शक्यता आहे, एवढंच. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशातले रस्त्यावरचे मृत्यू १,६८,४९१ आहेत. त्यांतले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे, आणि हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर. आयएसआय खुणेचं घे, फूटपाथवरचं स्टिकर चिकटवलेलं नको. घालून डोकं हलवलं की ते डोक्याबरोबर हललं पाहिजे, आणि पट्टा लावायचा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट कोपर वाचवतं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, फेटा आणि गॉगल घालून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो छान येतात हे मान्य. ते मिरवणुकीच्या वेगात ठीक आहे.

बुलेटवरून आठवलं. मैत्रीण तिची क्लासिक ३५० चालवून बघ म्हणेल. ती १९५ किलोची, स्प्लेंडर ११२ किलोची. चालताना वजन जाणवत नाही, पण उतारावर मागं ढकलताना आणि पाय खडीवर पडला की सगळं जाणवतं. सध्या नको म्हण.

गाडी सेकंडहँड आहे, म्हणून टायर बघ. बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालं असेल तर बदल, दोन-तीन हजारांसाठी कंजुषी नको. क्लचची लिव्हर तुझ्या बोटांना लांब पडत असेल तर मेकॅनिककडून केबल आणि लिव्हरचा कोन लावून घे. बायकांच्या हातांचा विचार करून या लिव्हर सहसा कुणी बनवत नाही, आणि भीतीतली चार आणे भीती नुसत्या बोटं न पुरण्याची असते. लायसन्सवरची तारीखही बघ. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि त्यावर गिअरच्या मोटरसायकलचा वर्ग लिहिलेला हवा. विमा तुझ्या नावावर झालाय का, तेही विचार.

एक शेवटचं. मोटरसायकलचे दिवस असतील त्या आठवड्यात स्कूटरला हात लावू नकोस. आज ही, उद्या ती असं केलंस तर डावा हात कधीच निवाडा करणार नाही. स्कूटरची किल्ली ताईकडे पाठवून दे, तिला तेवढंच बरं वाटेल.

दिवाळीला सातारला मात्र एसटीनं ये. त्या सुमारास उसाचा हंगाम लागतो, मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात हायवेला लागतात आणि रस्त्यावर ऊस सांडलेला असतो. गाडी घेऊन कधी यायचं ते पुढच्या वर्षी मी सांगेन.

तुझा,
मामा