जीपीएसवरून संगणकाची वेळ : गरज कुणाला, खर्च किती?

मागच्या गाळप हंगामात एका शेतकऱ्याच्या उसाच्या दोन पावत्या पाहिल्या. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाची वेळ ११.४२, आणि तीच ट्रॉली रिकामी होऊन दुसऱ्या काट्यावर आली तेव्हाची वेळ ११.३७! दोन काटे, दोन संगणक, इंटरनेट नाही. दोन्ही घड्याळं आपापल्या चालीनं चाललेली. वजनात खोट नव्हती. पण शेतकऱ्यानं त्या कागदावर विश्वास का ठेवावा? पावतीवरची वेळ हा त्याचा पुरावा असतो, आणि तो बिनचूक ठेवायला दोन हजार रुपयेही पुरले असते.

संगणकातलं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद सहज मागेपुढे सरकतं. महिन्यात मिनिटभराचा फरक पडतो. मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली तर तारीखच बिघडते, म्हणून आधी चाळीस-पन्नास रुपयांची ती बॅटरी बदला. मग बरोबर वेळ घ्यायची ती जीपीएसवरून : त्याच्या उपग्रहांवर अणुघड्याळं असतात आणि त्यांची वेळ कुणालाही फुकट मिळते. सिमकार्ड नाही, मासिक वर्गणी नाही.

तुमच्याकडे इंटरनेट नीट चालत असेल तर मात्र काहीच विकत घेऊ नका. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे (एनआयसी) टाइम सर्व्हर मोफत आहेत. कंपन्यांसाठी तर सरकारी सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इनचे एप्रिल २०२२ चे निर्देशच आहेत : घड्याळं या दोन संस्थांच्या किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवायची. नुसता जीपीएस बसवून ती अट पुरी झाली असं धरून चालू नका.

इंटरनेट नाही, पण पावती, सीसीटीव्ही किंवा हजेरीसाठी सेकंदापर्यंत बरोबर वेळ हवी, एवढीच गरज असेल तर यूएसबी रिसीव्हर पुरतो. साधारण बाराशे ते दोन हजार रुपये. तो एका संगणकाला लावायचा, बाकीचे लॅनवरून त्याच्याकडून वेळ घेतात. लिनक्सवर जीपीएसडी आणि क्रोनी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. या रिसीव्हरकडून वेळ मजकुराच्या रूपात येते आणि सेकंदाच्या काही दशांशांनी उशिरा पोचते. काट्याच्या पावतीला त्यानं काही बिघडत नाही.

तारा लघुग्रहाआड जाताना त्याची नोंद घेणाऱ्या हौशी खगोल निरीक्षकाला मात्र तेवढा उशीरही चालत नाही. तारा जेमतेम काही सेकंद दिसेनासा होतो, आणि दूरदूरच्या निरीक्षकांच्या नोंदी एकमेकांशी जुळवायच्या असतात. इथे पीपीएस लागतो, म्हणजे दर सेकंदाच्या ठोक्याला एका तारेवर येणारा विजेचा स्पंद. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला निओ-६एम मॉड्यूल तीन-पाचशे रुपयांत मिळतं. ते घेताना पिना मोजा. चारच असतील तर वीज, ग्राउंड आणि येण्या-जाण्याच्या दोन तारा, बस. स्पंद बोर्डावरच्या दिव्यापर्यंत जातो, बाहेर येत नाही. पाचवी, ‘पीपीएस’ लिहिलेली पिन असलेलाच बोर्ड घ्या. शंभर रुपये जास्त पडले तरी पडू द्या. नकली चिपही सर्रास विकल्या जातात, म्हणून बदलून देणारा दुकानदार गाठा.

हा स्पंद थेट पिनेवर घेणारा छोटा संगणक, रास्पबेरी पाय ४, कार्ड आणि अडॅप्टरसह सहा ते आठ हजारांत बसतो. पैसे वाचवायला त्याचा धाकटा भाऊ, पाय झीरो, घेऊ नका : त्याला लॅनचं सॉकेट नाही, आणि मॉड्यूलनं मायक्रोसेकंदांत मिळवलेली अचूकता वाय-फायवर मिलिसेकंदांत वाया जाते. बँका आणि वीज उपकेंद्रांसाठीची तयार यंत्रं लाखाच्या घरात जातात. सिग्नल गेल्यावरही तासन्‌तास वेळ धरून ठेवणारं घड्याळ त्यांत असतं, तुम्ही पैसे मोजता ते त्याचे. घरी किंवा छोट्या कार्यालयात त्याची गरज नाही.

खरी कंजूषी लोक अँटेनात करतात, आणि तिथेच फसतात. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली सिग्नल येत नाही. तीन-पाचशे रुपयांची, लांब तारेची बाहेरची अँटेना घ्या आणि गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली बसवा. तार लांबली म्हणून वेळ चुकेल ही भीती नको : दहा मीटरला पन्नास नॅनोसेकंद, म्हणजे काहीच नाही. तारेत सिग्नल क्षीण होतो, ती अडचण खरी. म्हणून आत ॲम्प्लिफायर असलेलीच अँटेना मागा.

जुना रिसीव्हर स्वस्तात मिळत असेल तर आधी तारीख तपासा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं आणि काही जुनी यंत्रं जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागली. शिवाय जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. तो फरक उपग्रहच कळवतो, पण पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून पहिल्यांदा सुरू केल्यावर दिवा लुकलुकू लागला तरी पंधरा मिनिटं उघड्यावर थांबा, आणि मगच मोबाइलच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहा.