हॉटेलातील धूर आणि मालकाची जबाबदारी

पावस हे रत्नागिरी तालुक्यातील रहदारीचे गाव. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिराला येणारे भाविक, पूर्णगडकडे जाणारे प्रवासी आणि हापूसच्या हंगामातले व्यापारी व ट्रकवाले यांच्यावर येथील चहाची हॉटेले व खानावळी चालतात. अशा हॉटेलात एखादे गिऱ्हाईक चहाबरोबर विडी किंवा सिगारेट पेटवते. मालकाला ते पटत नाही. पण बोललो तर गिऱ्हाईक तुटेल, या भीतीने तो गप्प बसतो. ही भीती कितपत खरी आहे, कायदा मालकाकडून काय अपेक्षितो आणि दीनच्या दृष्टीने जबाबदारी कोणाची, हे या लेखात पाहू.

धूर कोणाच्या छातीत जातो?

ओढणारा दहा मिनिटांत उठून जातो. टेबल पुसणारा नोकर, भट्टीवरचा कारागीर आणि गल्ल्यावर बसलेला मालक मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत तोच धूर घेतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या व्यसनाची सर्वांत मोठी किंमत हॉटेलवालाच मोजतो.

न ओढणाऱ्यालाही धूर बाधतो, हे आता वादाचे राहिलेले नाही. १९८१ साली जपानचे डॉ. ताकेशी हिरायामा यांनी दाखवून दिले की, स्वतः कधीही न ओढणाऱ्या, पण सिगारेट ओढणाऱ्या पतीबरोबर राहणाऱ्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आहेत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दुसऱ्याच्या धुराची गणना कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. या धुराने हृदयविकार होतो, मुलांचा दमा बळावतो. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक न ओढणारे लोक यापायी दगावतात. पंखा लावल्याने किंवा खिडकी उघडल्याने हा धोका टळत नाही. धूर या टेबलावरून त्या टेबलावर जातो, इतकेच.

कायदा काय सांगतो?

मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. त्या यादीत इस्पितळे, शाळा, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, रेल्वे होती, हॉटेले नव्हती. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने उपाहारगृहेही त्यात आणली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सविस्तर नियम लागू झाले. मालकाने लक्षात ठेवण्याच्या गोष्टी अशा :

१) प्रवेशद्वाराशी ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरची, धूम्रपान हा येथे गुन्हा आहे असे सांगणारी पाटी हवी.
२) तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नाव दिसेल असे लावावे.
३) टेबलावर राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवू नये.
४) ओढणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. तक्रार येऊनही मालकाने दुर्लक्ष केले, तर जितके गुन्हे तितका दंड मालकाला भरावा लागतो.
५) धूम्रपानासाठी वेगळी खोली ३० किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहालाच ठेवता येते. २०१७ पासून त्या खोलीत चहा-खाणे देण्यासही मनाई आहे. लहान हॉटेलाला ही सवलतच नाही.

कारागीर बंधूंनीही हे वाचावे. नियमांत कामाची जागाही येते. बंदिस्त शिलाई दुकान, सुतारखाना, गॅरेज येथेही हाच नियम आहे.

गिऱ्हाईक तुटेल का?

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखू खाणारे पुष्कळ, पण विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारच्या आसपास आहेत. चौघांना राखण्यासाठी आपण शहाण्णवांना धूर देतो! बायका-मुलांसह आलेले कुटुंब धूर पाहून दारातूनच परतते. ते तक्रार करीत नाही, म्हणून ते नुकसान गल्ल्यात दिसत नाही. २००९ साली वर उल्लेखिलेल्या संस्थेने अनेक देशांतील अभ्यास तपासले, तेव्हा बंदीमुळे उपाहारगृहांचा धंदा घटत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

तरीही एकट्याने सुरुवात करणाऱ्याची धास्ती समजण्यासारखी आहे; गिऱ्हाईक शेजारी जाऊन बसेल, असे त्याला वाटते. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने देशभर एकाच दिवशी बंदी केली, त्यामुळे शेजारी जाण्याचा प्रश्नच उरला नाही. आपल्या बाजारातही सर्व हॉटेलवाल्यांनी, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, एकत्र बसून एकच तारीख ठरवावी.

दुसरी अडचण गल्ल्यावरच्या सिगारेटची. आपणच विकायची आणि आपणच ओढू नका म्हणायचे, हे जमत नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. तो माल गल्ल्यावरून काढणेच बरे.

दीनची बाजू

धूम्रपान मकरूह की हराम, यावर उलेमांत मतभेद आहेत. पण दुसऱ्याला इजा पोहोचवणे नाजायज आहे, यावर मतभेद नाही. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी प्रेषित (स.) यांची ताकीद आपण जाणतो. कांदा हलाल आहे. तरी शेजारच्या नमाजीला त्रास नको, हा त्यामागचा विचार. मग छातीत रोग पेरणाऱ्या धुराबद्दल काय म्हणावे? हाताखालचा नोकर ही मालकाकडे सोपवलेली अमानत आहे. पगार वेळेवर दिला म्हणजे हक्क अदा झाला, असे नाही. त्याची तब्येत शाबूत ठेवणे हाही त्याचा हक्कच आहे.

अमलात कसे आणावे?

प्रथम मालकाने स्वतः गल्ल्यावर ओढणे सोडावे. राखदाण्या उचलाव्यात, पाटी लावावी. कोणी पेटवलीच तर वाद न घालता म्हणावे, “भाई, जरा बाहेर जाऊन या, चहा झाकून ठेवतो.” बहुतेक लोक ऐकतात. बाहेरची जागा दारापासून दूर असावी, नाहीतर धूर परत आत येतो. रमजानमध्ये इफ्तारनंतर गर्दी होते. तेव्हा नोकरांना आधीच सूचना द्याव्यात.

या सर्वाचा खर्च एका पाटीपुरता आहे. कोणाच्याही आरोग्याला धक्का न लावता मिळालेल्या रोजीत बरकत असते. हॉटेलवाले बंधू येत्या जुम्याच्या नमाजनंतर हा विषय काढतील, तर इन्शाअल्लाह महिनाभरात बाजार धूरमुक्त होईल.