जेवण फुकट, राहणं फुकट, तरी माणूस भर सीझनमध्ये का सोडून जातो?

मागच्या व्हिडिओत आपण होमस्टेचं भांडवल आणि दर पाहिले. आज माणसांबद्दल बोलू. तारकर्ली, देवबाग, मालवण बाजारपेठ, कुठेही खानावळ किंवा होमस्टे टाकायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: "सर, जेवण देतो, खोली देतो, दिवाळीला बोनस देतो. तरी पोरं टिकत नाहीत. अजून काय द्यायचं?"

हा झाला मालकाचा हिशेब. आता तोच दिवस कामगाराच्या बाजूने मोजा. मे महिन्यातला शनिवार. सकाळी सहाला चहा, मग घावणे-आंबोळ्या. दहापासून मासे साफ करायचे, वाटण काढायचं. साडेबाराला सुरू झालेली गर्दी साडेतीनला ओसरते. मग भांडी, रात्रीची तयारी. शेवटचं ताट उठतं अकराला. म्हणजे सतरा तास. मध्ये दोन तास पाठ टेकली असं धरलं तरी पंधरा. आणि ती फुकट खोली? ती आवारातच असते, त्यामुळे रात्री साडेबाराला पाहुण्याला पाण्याची बाटली हवी झाली तरी हाक त्यालाच. तुम्ही जिला सवलत म्हणता, ती त्याच्यासाठी चोवीस तासांची ड्युटी झालेली असते.

आता वही काढा. समजा हजेरी ६३० रुपये आणि कामाचे तास नऊ. म्हणजे तासाला ७० रुपये. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. कामगारसंख्या कमी असली तर त्या कायद्यातल्या बऱ्याच अटी लागू होत नाहीत. पण हिशेब म्हणून तरी लावून बघा. वरचे सहा तास, १४० रुपयांनी, झाले ८४०. एका माणसाचा दिवस पडला १,४७० ला. त्याच पंधरा तासांसाठी दोन माणसं घेतली तर १,२६०. म्हणजे दुसरा माणूस महाग नाहीच! तो महाग वाटतो, कारण पहिल्याचे सहा तास आपण शून्य रुपयांनी धरलेले असतात. दोन पूर्ण हजेऱ्या जमत नसतील, तर वाडीतल्याच एखाद्या ताईंना संध्याकाळी सात ते अकरा बोलवा. त्यांनाही चार पैसे मिळतात, आणि तुमचा पोरगा साडेआठला सुटतो.

कामाला आपल्याकडची माणसं घाबरत नाहीत, हे लक्षात घ्या. रापण ओढताना बघितलीय ना? होडीतून जाळं टाकायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. कंबर मोडणारं काम. पण विक्रीतून जाळ्या-होडीचा वाटा किती आणि ओढणाऱ्यांचा किती, याची पद्धत आधीच ठरलेली असते. मासळी कमी आली तर सगळ्यांनाच कमी. (म्हणून पगाराऐवजी वाटा द्या असं मी म्हणत नाही हं. रापणीत हमी नसते, आणि नोकराला ती हवीच.) घ्यायचं ते एवढंच, की दोराला हात लावण्याआधी हिशेब माहीत असतो. तुमच्या पोराला बोनस किती, टिप कोणाची, जादा तासांचं काय, हे पहिल्याच दिवशी माहीत असतं का?

दुसरी गोष्ट विश्रांतीची. पुण्याच्या चितळे बंधूंची दुपारची एक ते चारची सुट्टी हा कित्येक वर्षं विनोदाचा विषय होता. २०१७ मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक हसत असेल, पण काउंटरमागे उभ्या माणसाला दुपारचे तीन तास आपले आहेत हे पक्कं ठाऊक असायचं. खानावळीत ही वेळ चार ते साडेसहा येईल. पाटीवर लिहून टाका आणि पाळा.

आणि रजा. इथे नुसत्या पैशांनी मन राखता येत नाही. "माका गणपतीक रजा व्हयी" हे वाक्य तुम्ही दरवर्षी ऐकणार. गणपतीची तारीख कॅलेंडरात असते, तेव्हा कोण कधी जाणार हे दोन महिने आधी ठरवा. आंगणेवाडीचं तसं नाही. भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. म्हणून लिहून ठेवा: तारीख जाहीर झाली की मसुऱ्याकडचे कोण जाणार, मालवणचे कोण थांबणार. त्या दिवशी बदली माणूस लागणार हे खर्चात आधीच धरा. ऐनवेळी "कसं जातोस बघतो" म्हणालात, तर तो जत्रेला जाईलच, फक्त परत येणार नाही.

उरला पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्सही बंद, पाहुणे तुरळक. बहुतेक मालक मेअखेर हिशेब चुकता करतात आणि ऑक्टोबरात नवीन माणूस शोधत फिरतात. नवा माणूस वाटण शिकेपर्यंत दिवाळीची गर्दी दारात. जमत असेल तर चांगल्या एका माणसाला ते महिने अर्धा पगार द्या आणि त्या बदल्यात खोल्यांची डागडुजी, रंगकाम, कोकम-आगळाची पॅकिंग अशी कामं ठरवून घ्या. रक्कम मेमध्येच सांगा, जूनच्या आठ तारखेला नको.

पुढच्या व्हिडिओत नेमणुकीच्या वेळी द्यायचा एक पानी कागद कसा लिहायचा ते पाहू. तोपर्यंत गेल्या सीझनमधला सगळ्यात गर्दीचा दिवस घ्या आणि तुमच्या एका माणसाचे तास त्यालाच विचारून वहीत लिहा.