एमबीबीएस हुकलं, मग मेंढ्या?

नीटचा निकाल लागला की मुलुंडमधल्या बऱ्याच घरांत तोंडं उतरतात. पशुवैद्यकाचं नाव काढावं, तर आई विचारते, "म्हणजे गुरांचा डॉक्टर?" तेही आहेच. पण याच पदवीनंतर पशुआनुवंशिकी आणि पैदासशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करता येतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

हे काम कसं असतं, ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत दिसतं. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी. त्यामागे 'फेक-बी' हे जनुक आहे. डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी ते दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी घडवली. ("मुलींना झेपेल का?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. उत्तर या नावातच आहे.)

खरी गंमत मेंढ्याची. तो विणार नाही, मग जनुक त्याच्यात आहे हे कळावं कसं? पूर्वी त्याच्या लेकी व्यायची वाट पाहावी लागे. २००१ मध्ये या जनुकातला नेमका बदल सापडला आणि थोड्या रक्तावरून डीएनए चाचणी होऊ लागली. पण मेंढीत जनुकाच्या दोन प्रती आल्या, तर तिळ्यांची शक्यता वाढते. रानोमाळ फिरणाऱ्या धनगराच्या मेंढीला तिघांपुरतं दूध कुठून यायचं? म्हणून एकच प्रत बरी. कळपात कुठला मेंढा सोडायचा, हे या हिशेबाने ठरतं.

यासाठी बारावीला जीवशास्त्र आणि नीट लागतेच. बी.व्ही.एस्सी.चा अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा. १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला, मुलुंडहून स्लो लोकलने थेट. साताऱ्याकडे जायची तयारी असेल, तर शिरवळलाही महाविद्यालय आहे. पदवीनंतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. संशोधनात जायचं तर राजस्थानातलं अविकानगर आणि हरियाणातलं कर्नाल इथल्या केंद्रीय संस्था आहेत. बायोटेक केलेल्यांना चाचणीची प्रयोगशाळा खुली आहे, मात्र पशुवैद्यकाची प्रॅक्टिस नाही.

पालकांनो, फीआधी एक चौकशी करा. मूल रात्री दोनला उठून, लेंड्यांच्या वासात, ओल्या कोकराचं वजन वहीत टिपेल का? पैदासशास्त्राची सगळी आकडेमोड त्या वहीवर चालते.